गर्भाची पहिली नोंद : वंध्यत्वावरील उपचार, संप्रेरके आणि येणारी पिढी

लग्नाला तीन-चार वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की एक प्रश्न न विचारताच विचारला जाऊ लागतो. सणाला आलेल्या आत्याच्या नजरेत तो असतो, पेढीवर बसलेल्या जुन्या व्यापाऱ्याच्या चौकशीत असतो आणि सर्वांत अधिक तो घरातील सुनेच्या मौनात असतो. उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या बाजारपेठेच्या गावी हे मौन अधिकच गडद होते; कारण तेथे कोणती गाडी सकाळी नांदेडला गेली आणि कशासाठी गेली, हे संध्याकाळपर्यंत बाजाराला ठाऊक असते. जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ असले, तरी उपचारासाठी या भागातील पावले नांदेडकडे वळतात. पुढे गरज पडली तर नागपूर, पुणे, मुंबई.

उपचाराचा निर्णय झाला, की दुसरी भीती डोके वर काढते. 'एवढी हार्मोनची इंजेक्शने घेतल्यावर होणारे मूल धडधाकट असेल ना?' हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. जगातील अनेक प्रयोगशाळा गेली पंचवीस वर्षे हाच प्रश्न विचारीत आहेत. त्याचे उत्तर 'काहीच होत नाही' असेही नाही आणि 'सर्व बिघडते' असेही नाही. ते समजून घेण्यासाठी एका तुलनेने नव्या शास्त्राशी थोडी ओळख करून घ्यावी लागते.

बीज तेच, जमीन वेगळी

कापसाच्या व्यापारात आयुष्य गेलेल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही. एकाच वाणाचे बी काळ्या जमिनीत पेरले आणि मुरमाड जमिनीत पेरले, तर बोंड सारखे येत नाही. बी बदललेले नसते. त्या बियाण्यातील कोणता गुण किती प्रकट व्हावा, हे पाणी, माती आणि हवा ठरवितात.

मनुष्याच्या गर्भाबाबतही असेच काही घडते. आई-वडिलांकडून आलेली जनुके म्हणजे मूळ वही. परंतु वहीतील कोणते पान उघडायचे आणि कोणते मिटून ठेवायचे, याच्या खुणा जनुकांवर स्वतंत्रपणे केलेल्या असतात. मिथाइल नावाचा अगदी लहान रासायनिक गट जनुकाला चिकटला, की सामान्यतः ते पान मिटते. तो निघाला, की उघडते. अक्षर एकही बदलत नाही, तरी वाचन बदलते. या खुणांच्या अभ्यासाला 'एपिजेनेटिक्स' म्हणतात. हा शब्द ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये रूढ केला.

या खुणा किती दीर्घकाळ टिकू शकतात, याचे उदाहरण हॉलंडमध्ये सापडले. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे भीषण उपासमार झाली. त्या काळात गर्भात असलेल्या मुलांची पुढे दीर्घकाळ तपासणी होत राहिली. ज्यांना गर्भावस्थेच्या अगदी सुरुवातीलाच उपासमार सोसावी लागली, त्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावरील मिथाइलच्या खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या आढळल्या. आईच्या पोटातील काही आठवड्यांची नोंद देहाने सहा दशके जपली होती.

गर्भधारणेनंतरचे पहिले काही दिवस या दृष्टीने सर्वांत नाजूक होत. फलित बीजातील जुन्या खुणांपैकी बहुतेक पुसल्या जातात आणि गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास नव्याने लिहिल्या जाऊ लागतात. सुमारे शंभर जनुकांच्या खुणा मात्र या पुसापुसीतून वाचाव्या लागतात. त्यांपैकी काही केवळ पित्याकडून आलेल्या आणि काही केवळ मातेकडून आलेल्या प्रतीतच जागृत असतात. आयव्हीएफमध्ये नेमके हेच दिवस गर्भ काचेच्या भांड्यात असतो, आणि त्याआधीचे स्त्रीबीज संप्रेरकांच्या प्रभावाखाली पक्व झालेले असते. प्रश्न निर्माण होतो तो येथे.

दुर्गा आणि हर्षा

जगातील पहिली टेस्ट ट्यूब कन्या लुईस ब्राऊन २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मली. तिच्या आईला स्त्रीबीज वाढविणारी इंजेक्शने दिलेली नव्हती; नैसर्गिक चक्रातील एकच स्त्रीबीज घेतले होते. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने 'दुर्गा' जन्मली. त्यांनी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन अनेक स्त्रीबीजे मिळविली, गर्भ गोठवून ठेवला आणि पुढच्या चक्रात तो गर्भाशयात सोडला. आजची प्रचलित पद्धत इंग्लंडपेक्षा कोलकात्याच्या त्या पद्धतीला अधिक जवळची आहे. दुर्दैवाने त्यांच्या कामावर तेव्हा विश्वास ठेवला गेला नाही. १९८१ मध्ये त्यांचा करुण अंत झाला आणि मान्यता मिळाली ती मृत्यूनंतर अनेक वर्षांनी.

महाराष्ट्रात हा मान मुंबईच्या केईएम रुग्णालयाकडे जातो. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या संयुक्त प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा हिचा जन्म झाला. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेली ती भारतातील पहिली टेस्ट ट्यूब कन्या. हीच हर्षा २०१६ मध्ये स्वतः आई झाली, तेव्हा प्रसूतीला डॉ. हिंदुजाच होत्या. विशेष म्हणजे हे डॉ. आनंद कुमारच होते, ज्यांनी पुढे मुखोपाध्याय यांचे कागद तपासून 'पहिला मान त्यांचा' असे जाहीरपणे सांगितले. आज जगात या पद्धतीने जन्मलेल्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली आहे.

इंजेक्शने नेमके काय करतात

नैसर्गिक चक्रात दर महिन्याला साधारण एकच स्त्रीबीज पक्व होते. उपचारात आठ ते बारा दिवस एफएसएच या संप्रेरकाची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे वाढविली जातात. ती वेळेआधी सुटू नयेत म्हणून दुसरे औषध, आणि पक्व होण्यासाठी शेवटी एक 'ट्रिगर' इंजेक्शन दिले जाते. त्यानंतर सुमारे छत्तीस तासांनी ती बाहेर काढली जातात. म्हणजे एफएसएचची इंजेक्शने गर्भ तयार होण्यापूर्वीच थांबलेली असतात. 'सुई सरळ बाळाला लागते' ही समजूत बरोबर नाही.

परिणाम होण्याची शक्यता आहे ती दोन आडवाटांनी. एक, स्त्रीबीज वेगाने पक्व होताना त्यावरील खुणा पूर्ण लिहिल्या जातात का, ही. उंदरांवरील प्रयोगांत जास्त मात्रेच्या उत्तेजनानंतर अशा खुणांमध्ये फरक दिसले आहेत. दुसरी, गर्भाशयाच्या अस्तराची. अनेक स्त्रीबीजे वाढल्यामुळे आईच्या रक्तातील इस्ट्रोजेन नेहमीपेक्षा कित्येक पटींनी चढते. त्याच चक्रात गर्भ सोडला, तर तो अशा असाधारण वातावरणात रुजतो आणि वारेची घडण थोडी बदलू शकते. याच कारणाने आज अनेक ठिकाणी गर्भ गोठवून, शरीर शांत झाल्यावर पुढच्या एखाद्या चक्रात सोडण्याकडे कल आहे.

संशोधन काय सांगते

ताज्या गर्भापासून झालेल्या बाळांचे जन्मवजन सरासरीने किंचित कमी, तर गोठविलेल्या गर्भापासून झालेल्यांचे किंचित अधिक असते. उत्तर युरोपातील देशांनी एकाच मातेच्या दोन अपत्यांची, म्हणजे एक उपचाराने व दुसरे नैसर्गिकरीत्या झालेल्यांची, तुलना केली तेव्हाही हा फरक टिकून राहिला. गोठविलेल्या गर्भाच्या पद्धतीत मातेला गरोदरपणातील रक्तदाबाचा त्रास होण्याची शक्यता थोडी वाढते. अस्तर केवळ गोळ्यांनी तयार केले असेल तर ती अधिक दिसते; म्हणून ज्या स्त्रीची पाळी नियमित आहे तिच्यासाठी नैसर्गिक चक्राचा पर्याय डॉक्टरांना विचारण्यासारखा आहे.

काही विरळ विकारांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. बेकविथ-वीडेमन या विकारात बाळ अपेक्षेपेक्षा मोठे असते, जीभ मोठी असते आणि लहानपणी मूत्रपिंडाच्या गाठीचा धोका राहतो. एपिजेनेटिक खुणा बिघडल्याने होणारा हा विकार उपचाराने झालेल्या मुलांत काही पटींनी अधिक आढळतो, हे २००३ च्या सुमारास लक्षात आले. ऐकताना हे भयावह वाटते. परंतु मुळात हा विकार दहा हजारांहून अधिक जन्मांत एखाद्याला होतो. काही पटींनी वाढूनही तो विरळच राहतो, आणि वेळीच ओळखला तर नियमित सोनोग्राफीने त्यावर लक्ष ठेवता येते.

नॉर्वेतील एका मोठ्या अभ्यासात सुमारे दोन हजार नवजात बालकांच्या नाळेतील रक्त तपासले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार आयव्हीएफ आणि नैसर्गिक गर्भधारणेतून जन्मलेल्या बालकांच्या मिथाइल खुणांमध्ये फरक होते, आणि केवळ आई-वडिलांच्या खुणांवरून त्यांचा उलगडा होत नव्हता. मात्र ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दुसरी बाजू मांडली होती. आयव्हीएफने जन्मलेल्यांचे जन्माच्या वेळचे रक्त आणि प्रौढपणीचे रक्त त्यांनी पडताळले; जन्माच्या वेळी दिसलेले फरक प्रौढ वयापर्यंत बहुतांशी मिटलेले होते आणि ही मंडळी निरोगी होती.

दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले, तर चित्र असे दिसते : खुणा उमटतात, बहुतेक पुसट होत जातात, आणि बहुसंख्य मुले इतरांसारखीच वाढतात. आयव्हीएफमधील सर्वांत मोठा आणि टाळता येण्याजोगा धोका आजही संप्रेरकांचा नसून जुळ्यांचा आहे. 'एकाच खर्चात दोन' असा हिशेब करून दोन-तीन गर्भ सोडण्याचा आग्रह धरला, की अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजन आणि काचपेटीतील आठवडे यांची शक्यता कितीतरी वाढते. व्यापारात चालणारा हिशेब येथे तोट्याचा ठरतो.

औषधांनी दिलेले दोन धडे

संप्रेरकांविषयीची सावधगिरी इतिहासानेही शिकविली आहे. डाय-इथिल-स्टिलबेस्ट्रॉल, अर्थात डीईएस, हे कृत्रिम इस्ट्रोजेन १९३८ मध्ये तयार झाले. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत ते लाखो गरोदर स्त्रियांना दिले गेले. १९५३ मध्येच शिकागोच्या एका काटेकोर चाचणीने ते निरुपयोगी असल्याचे दाखविले. तरी ते दिले जात राहिले. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांना तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा अतिविरळ कर्करोग आढळला, आणि त्याचा धागा त्यांच्या मातांनी वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या त्या गोळ्यांपर्यंत पोहोचला. गर्भाला थेट मिळालेले चुकीचे संप्रेरक किती दूरवर जाऊ शकते, याचे हे उदाहरण.

दुसरा धडा भारतातील असून त्याची दिशा उलट आहे. लेट्रोझोल हे मुळात स्तनाच्या कर्करोगावरील औषध; स्त्रीबीज पक्व करण्यासाठीही त्याचा उपयोग होतो. २००५ मध्ये एका परिषदेत सादर झालेल्या छोट्या टिपणाने बाळांतील दोषांची शंका घेतली. पुढच्याच वर्षी नऊशेहून अधिक नवजातांच्या अभ्यासात ती टिकली नाही. तरीही भारत सरकारने २०११ मध्ये वंध्यत्वासाठी या औषधावर बंदी घातली. २०१४ मध्ये अमेरिकेतील ७५० स्त्रियांच्या चाचणीत, पीसीओएस असलेल्या स्त्रियांना जुन्या क्लोमिफेनपेक्षा लेट्रोझोलने अधिक वेळा अपत्यप्राप्ती झाल्याचे दिसले, आणि २०१७ मध्ये आपल्याकडील बंदी उठली. एका औषधावर डोळे मिटून विश्वास ठेवला गेला, दुसऱ्यावर घाईने संशय घेतला गेला. दोन्हींची किंमत स्त्रियांनीच मोजली.

न विचारता घेतलेली संप्रेरके

दवाखान्यातील मोजूनमापून दिलेल्या इंजेक्शनांची धास्ती घेणारी कुटुंबे कित्येकदा घरातील गोळ्यांकडे दुर्लक्ष करतात. पर्युषण, प्रतिष्ठा-महोत्सव, लग्न किंवा तीर्थयात्रा जवळ आली, की पाळी पुढे ढकलण्यासाठी मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणलेली गोळी बहुधा नॉरएथिस्टेरॉनची, म्हणजे कृत्रिम संप्रेरकाचीच असते. पूर्वी गरोदरपणात मोठ्या मात्रेत दिल्या गेलेल्या अशा काही औषधांमुळे मुलींच्या जननेंद्रियांच्या घडणीवर परिणाम झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. नकळत एखाद-दुसरी गोळी घेतली गेली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरात मुलाची वाट पाहिली जात आहे, तेथे अशी गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

याहून गंभीर प्रकार 'मुलगाच व्हावा' म्हणून गुपचूप दिल्या जाणाऱ्या पुड्यांचा. हरियाणात झालेल्या अभ्यासांत अशा पुड्यांच्या नमुन्यांत इस्ट्रोजेनसारखी वनस्पतिद्रव्ये आणि टेस्टोस्टेरॉन सापडले; आणि त्या घेतलेल्या मातांमध्ये मृत बालक जन्मण्याचे व जन्मजात व्यंगाचे प्रमाण अधिक दिसले. गर्भाचे लिंग फलन होताच ठरलेले असते. कोणतीही पुडी ते बदलू शकत नाही. ती केवळ घडणाऱ्या अवयवांत विष कालवू शकते.

पुण्याचे संशोधन आणि शाकाहारी घर

गर्भावरील मिथाइलच्या खुणा ज्या कच्च्या मालातून तयार होतात, त्यात दोन जीवनसत्त्वे प्रमुख आहेत : फोलेट आणि बी-१२. या विषयातील जगन्मान्य काम महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता व बालकांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळाचे वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडच्या बाळाचे ३.५ किलो, तरीही पुण्याच्या बाळाच्या अंगावरील चरबी जवळजवळ तेवढीच. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार अशी ही घडण पुढील मधुमेहाची पूर्वतयारी ठरते.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष शाकाहारी कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. तपासलेल्या मातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ ची कमतरता होती. ज्यांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. बी-१२ वनस्पतींत नसते. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते, आणि चहात पडणारे दूध त्यासाठी पुरत नाही.

याचा अर्थ फॉलिक अॅसिडची गोळी बंद करावी असा मुळीच नाही. बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूतील व्यंग टाळण्यासाठी ती गर्भधारणेपूर्वीपासून आवश्यकच आहे. अर्थ एवढाच, की तिच्या जोडीला बी-१२ चीही तपासणी व्हावी आणि कमतरता असल्यास ते द्यावे. औषधातील बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटीनचे असते. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल मागून घ्यावी.

संप्रेरकांचा उपचार सुरू असताना बीजकोश फुगून शरीरातील पाण्याचे गणित बिघडण्याची शक्यता असते. त्या दोन-तीन आठवड्यांत दीर्घ उपवास, आयंबिल किंवा सूर्यास्तानंतरचा पाण्याचा त्याग याविषयी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, आणि नियमात सवलत हवी असल्यास गुरुजनांचे मार्गदर्शन आधीच घ्यावे. लपवून उपवास करणे आणि लपवून औषध घेणे, दोन्ही अपायकारक.

गादीवर बसणाऱ्याचीही तपासणी

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले, की जगात सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. त्यांतील जवळजवळ निम्म्या जोडप्यांत कारण पूर्णतः किंवा अंशतः पुरुषाकडे असते. तरीही अनेक घरांत सुनेच्या चार तपासण्या होईपर्यंत मुलाची एकही झालेली नसते. शुक्राणूंची तपासणी सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित. म्हणून ती सर्वांत आधी व्हावी. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्या काळातील तंबाखू, गुटखा, वाढलेले वजन यांचा परिणाम त्यांच्यावर होतो. व्यायामशाळेत अंग भरण्यासाठी घेतलेले टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन तर शुक्राणूंची निर्मितीच थांबवू शकते. गर्भाच्या पहिल्या नोंदीत पित्याचीही सही असते.

दवाखाना निवडताना

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचे नियमन करणारा २०२१ चा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार प्रत्येक केंद्राची नोंदणी बंधनकारक असून उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. गर्भाची लिंगनिवड हा गुन्हा आहे. पेढीवर माल घेताना जसा पावतीवाचून व्यवहार होत नाही, तसाच येथेही काही प्रश्नांवाचून होऊ नये. केंद्राचा नोंदणी क्रमांक कोणता? आमच्या बाबतीत आयव्हीएफच का, साध्या गोळ्यांनी प्रयत्न का नको? कोणते औषध, किती दिवस, किती मात्रेत? एकच गर्भ सोडणार ना? ताजा की गोठविलेला, आणि का? प्रत्येक इंजेक्शनचे नाव व मात्रा लिहिलेला कागद घरी जपून ठेवावा. पुढे बाळाच्या डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.

आणि ज्या घरात उपचाराने मूल आले आहे, तेथे त्याच्याकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. त्याची वाढ, वजन व रक्तदाब इतर मुलांप्रमाणे नियमित तपासावा, एवढे पुरे. जन्माच्या वेळी उमटलेल्या खुणा पुढच्या आयुष्यात बदलत राहतात. ताटातले अन्न, मैदानावरचा खेळ, रात्रीची झोप आणि घरातील शांतता हेही त्या लिहीत असतात. गर्भाच्या वहीतील पहिली नोंद डॉक्टरांच्या हाती असेल. पुढची पाने कुटुंबाच्याच हाती आहेत.